ठेकेदार बसला की घरकुलाचं काय करायचं

सोलापुरात घरकुल म्हटलं की आकडे हजारांतच येतात. कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. त्याच शिवारात रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. ही उभी राहिलेली कामं. हा लेख अडकलेल्या कामांसाठी आहे: दोनशे-पाचशे घरांचा प्रकल्प, अनुदान मंजूर, लाभार्थ्यांनी पैसे भरलेले, आणि ठेकेदाराच्या हातातला पैसा संपल्यामुळे साइटवर फक्त वॉचमन.

अशा वेळी सगळे ठेकेदाराच्या मागे धावतात. मोर्चा, निवेदन, पोलीस चौकी. त्याच्याकडे पैसे असते तर तो बसलाच नसता. पहिल्या महिन्यात त्याच्यापेक्षा तीन गोष्टींच्या मागे लागा: झालेल्या कामाचं मोजमाप, बँक गॅरंटीची तारीख आणि उघड्यावर पडलेलं लोखंड. या तिन्ही गोष्टी दिवसागणिक हातातून निसटतात. ठेकेदार कुठे जात नाही, कोर्टात भेटतोच.

काम नेमकं सांगाड्यावरच का थांबतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. टेंडर भरताना खोदाई, फुटिंग (खांबाचा पाया), जोता, स्लॅब यांचे दर चढे लावायचे आणि प्लास्टर, दारं-खिडक्या, नळजोडणी, रंग यांचे दर पाडायचे, ही जुनी रीत. एकूण रक्कम कमीच दिसते, पण सुरुवातीच्या आरए बिलांत (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलांत) ठेकेदाराचा नफा निघून जातो. शेवटचा स्लॅब ओतून झाला की पुढचं प्रत्येक काम त्याला तोट्याचं. त्यात लोखंड महागलेलं असतं आणि करारात भाववाढीचं कलम नसतं. पैसा दुसऱ्या साइटवर फिरवलेला असतो. मग वरचा स्लॅब झालेल्या, विटांच्या भिंती अर्ध्या चढलेल्या इमारती तशाच उभ्या राहतात.

दुसरं कारण अनुदानाच्या हप्त्यांचं. पंतप्रधान आवास योजनेच्या २०१५ च्या शहरी टप्प्यात सरकार आणि संस्था किंवा बिल्डर यांच्या भागीदारीतल्या प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. केंद्राचा वाटा ४०, ४०, २० टक्के अशा हप्त्यांत, आधीच्या पैशाचा हिशेब आणि कामाची प्रगती दाखवल्यावर. उरलेला पैसा लाभार्थ्याचा. विडी वळणाऱ्या बाईला पगाराची स्लिप नसते, बँक कर्ज लवकर देत नाही आणि लाभार्थी हिस्सा रखडतो. तोवर ठेकेदार स्वतःच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेने दिलेल्या उधारीच्या मर्यादेवर, काम ओढतो. व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, लिमिट गोठतं आणि आठवड्याभरात साइट रिकामी होते. म्हणजे प्रत्येक बसलेला ठेकेदार लबाड नसतो. पण तो लबाड आहे की अडलेला, यावर पुढची पावलं बदलत नाहीत, म्हणून त्या वादात वेळ घालवू नये.

चाहूल आधीच लागते. भाड्याच्या सेंट्रिंग प्लेटा मालक उचलून नेतो. ट्रकने येणारं लोखंड चार-चार बंडलांनी यायला लागतं. आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) गाडी सोडण्याआधी रोख मागतो. मुकादमाच्या माणसांची हाजरी थकते आणि सणाला गावी गेलेली गँग परत येत नाही. सगळ्यांत आधी पाणी तुटतं: क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्याच्या, टँकरचे पैसे वाचवले जातात. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये चाळिशीपार उन्हात दोन दिवस पाणी मारलं नाही की स्लॅबवर बारीक भेगांचं जाळं दिसतं. अशा भेगा दिसल्या तर फोटो तारखेसह ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

आता कागद. कोणाचं कोणाशी नातं आहे, यावर उपाय ठरतो आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रकल्पाचा प्रवर्तक (प्रकल्प उभारणारा) स्वतः बिल्डर असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, थेट लागू होतो. कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो, आणि कलम ८ खाली नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेलं काम हाती घेण्याचा पहिला हक्क सदनिकाधारकांच्या संघटनेचा. पण लाभार्थ्यांची सहकारी संस्था किंवा फेडरेशनच प्रवर्तक असेल आणि ठेकेदार फक्त कामाचा कंत्राटदार असेल, तर रेरामध्ये त्या कंत्राटदाराविरुद्ध काही हाती लागत नाही. सभासदाची तक्रार उलटून स्वतःच्याच संस्थेवर येते. तिथे लढाई कराराच्या कलमांवरच. महापालिका किंवा म्हाडा काम करवून घेत असेल, तर करार त्यांचा आणि ठेकेदाराचा. तुम्ही त्यांना कराराप्रमाणे वागायला भाग पाडू शकता, ठेकेदाराला थेट नाही.

ठेकेदार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर तो दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाऊ शकतो. तिथे अर्ज दाखल करून घेतला गेला की स्थगिती लागते, दावे आणि वसुली थांबते. घर घेणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीपासून वित्तीय धनको (कर्ज देणाऱ्याच्या बरोबरीचे) मानलं जातं, मात्र ते बिल्डरच्या प्रकल्पात. स्वतः अर्ज करायचा तर २०२० पासून एकाच प्रकल्पातले शंभर जण किंवा एकूण घरधारकांपैकी दहा टक्के, यांतला कमी आकडा लागतो. जाहीर नोटीस निघाली की दिलेल्या तारखेच्या आत प्रत्येक घरधारकाने आपापला दावा ‘सीए’ फॉर्मवर भरायचा. संस्थेने एकच पत्र दिलं म्हणजे झालं, असं समजू नका. आपल्याकडचे बरेच ठेकेदार मात्र प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्म असतात. त्यांना हा मार्ग लागूच होत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा करारात असेल तर लवाद.

बँक गॅरंटीचं मात्र सगळीकडे सारखं. परफॉर्मन्स गॅरंटी ही ठेकेदाराने काम पुरं केलं नाही तर पैसे देण्याची, बँकेने दिलेली स्वतंत्र हमी आहे. ठेकेदार एनसीएलटीत गेला तरी स्थगिती तिला अडवत नाही. पण मुदत संपली की ती कागदाचा तुकडा. म्हणून काम मंदावल्याच्या पहिल्या पंधरवड्यात मूळ गॅरंटी फाइलमधून काढा, मुदत आणि दावा करण्याची शेवटची तारीख पाहा, आणि ज्या शाखेने ती दिली तिथे संस्थेने स्वतः लेखी विचारून ती खरी असल्याची खात्री करा. ठेकेदाराने आणून दिलेलं बँकेचं पत्र पुरेसं नाही, खोट्या गॅरंट्या सापडतात. मुदत जवळ आली असेल तर बँकेला पत्र एकच: मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या. पत्रातले शब्द गॅरंटीतल्या शब्दांशी जुळले पाहिजेत. ‘ठेकेदार काम करत नाही’ असं मोघम लिहिलं की बँक परत पाठवते.

मग मोजमाप. करार रद्द करायच्या आधी ठेकेदाराला लेखी नोटीस देऊन संयुक्त मोजणीची तारीख द्यायची. सरकारी बी-१ किंवा बी-२ करारात कलम ३ खाली काम काढून घेऊन त्याच्या जोखीम-खर्चावर दुसऱ्याकडून पूर्ण करून घेता येतं, पण नोटीस न देता केलं तर पुढे हीच गोष्ट त्याच्या बाजूने जाते. तो आला नाही तर दोन पंच, अभियंता आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्या सह्यांनी पंचनामा. इमारतीनुसार, मजल्यानुसार, खोलीनुसार मोजा. एमबीत (मोजमाप पुस्तकात) आधी नोंदवलेलं आणि प्रत्यक्ष दिसणारं यांचा तक्ता करा. त्यातला फरक हाच खरा आकडा.

एक उदाहरण घेऊ. पाचशे घरं, घरामागे सहा लाख, करार ३० कोटींचा. ५५ टक्के, म्हणजे साडेसोळा कोटी, दिले गेले. मोजणीत काम निघालं ४२ टक्के, म्हणजे १२ कोटी ६० लाखांचं. उरलेलं काम जुन्या दराने १७ कोटी ४० लाख. नव्या दराने वीस टक्के वाढ धरली तर २० कोटी ८८ लाख. हातात साडेतेरा कोटी. तूट ७ कोटी ३८ लाख. कराराच्या चार टक्क्यांची गॅरंटी वटली तर १ कोटी २० लाख सुटतात आणि घरामागे तूट उरते १ लाख २३ हजार ६००. हा आकडा पहिल्याच सभेत फळ्यावर लिहा. ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणत लोकांकडून दहा-दहा हजार गोळा करत बसलं की दुसरा ठेकेदारही मध्येच बसतो.

साइटवर एकच गोष्ट करायची ताकद असेल तर कॉलमवर उघड्या राहिलेल्या सळया वाचवा. सिमेंटचा दाट घोल ब्रशने दोन हात मारला तरी पावसाळा निघतो. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने जातो, त्याची भीती नको. खड्डे पडलेला गंज वेगळा. तो वजनावर कळतो: १२ मिमी सळई मीटरला ८८८ ग्रॅम, आणि आयएस १७८६ (सळयांचं भारतीय मानक) प्रमाणे पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ब्रशने साफ केलेला एक मीटरचा तुकडा ८४४ ग्रॅमच्या खाली भरला, तर तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा निर्णय लागतो. बांधून ठेवलेली, पण वर स्लॅब न ओतलेली सळयांची जाळी उलगडून पुन्हा बांधा. गोदामातलं तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट चाचणीशिवाय वापरू नका.

आपल्या काळ्या मातीत आणखी एक दुखणं. उघडे फुटिंगचे खड्डे पावसात भरतात, तळ चिखल होतो. नंतर पाणी उपसून थेट पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) टाकणारे गवंडी भेटतील. त्यांना थांबवा, मऊ थर पूर्ण काढून घट्ट तळ लागेपर्यंत जायचं आणि मग भरायचं. जोत्यात मुरूम भरलाच नसेल तर फुगलेली माती प्लिंथ बीमला खालून ढकलते, बीमला उभ्या भेगा दिसतात.

झालेल्या काँक्रीटची तपासणी नव्या ठेकेदाराच्या आधी. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोका देऊन ताकदीचा अंदाज घेणारं उपकरण) फक्त शंका घ्यायला, खात्री कोअरने, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेल्या नळकांड्याच्या चाचणीने. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, हा आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) चा नियम. एम-२५ काँक्रीटसाठी (ठरलेली ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी) म्हणजे सरासरी २१.२५ आणि किमान १८.७५. हा अहवाल नसेल तर नवा ठेकेदार जुन्या कामाची जबाबदारी घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

साइटवरचा माल ठेकेदाराकडे पैसे अडकलेले लोक उचलून न्यायला येतात. ज्या मालावर ठेकेदाराला सिक्युअर्ड ॲडव्हान्स (साइटवरच्या मालाच्या तारणावर आगाऊ रक्कम) दिला आहे, त्याची यादी गेटवर लावा आणि पोलिसांत प्रत द्या. मजुरांचं वेगळं बघा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकावर, म्हणजे काम करवून घेणाऱ्यावर, जबाबदारी येते, म्हणून रोखून ठेवलेल्या रकमेतून आधी हाजरीपत्रकाप्रमाणे मजुरी चुकती करणं परवडतं. तीच गँग साइट ओळखते, पुढे कामालाही येते.

नवं टेंडर सगळ्या इमारतींचं एकदम काढू नका. ज्या इमारती ऐंशी टक्क्यांवर आहेत त्यांचा एक छोटा गट, स्वतंत्र काम. कुटुंबं राहायला गेली की भाडं वाचतं, उरलेला लाभार्थी हिस्सा जमा होतो, अनुदानाच्या पुढच्या हप्त्यासाठी प्रगतीही दिसते. चालू दरसूचीवर उरलेल्या कामाचं नवं अंदाजपत्रक, लोखंड-सिमेंटला भाववाढीचं कलम, आणि त्या दोन्हींचे पैसे संस्थेकडून थेट पुरवठादाराला. ठेकेदार कुरकुर करेल, कारण त्याचा फिरवायचा पैसा जातो. करू द्या.

ज्यांनी गृहकर्ज घेतलंय त्यांनी बँकेला आजच पत्र द्यावं: माझ्या सहीच्या मागणीपत्राशिवाय आणि अभियंत्याच्या प्रगती दाखल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. चालू हप्ता मात्र बंद करू नका. घर अडकलंय हे सिबिलला कळत नाही, आणि उद्या वरचे सव्वा लाख भरायला छोटं कर्ज लागलं तर तोच रेकॉर्ड बघितला जातो.