एका अक्षरापायी सात महिने

60 गुंठे जमीन, दोघांच्या नावावर, सामाईक खातं. ह्यांची बायपास झाल्यावर ह्यांनीच ठरवलं, आपला अर्धा हिस्सा माझ्या नावावर करून टाकायचा. दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्र अर्ध्या तासात उरकलं. नवरा-बायकोत शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. (स्थानिक अधिभार वेगळा, तो आधी विचारून ठेवा.) दोन साक्षीदार, फोटो, अंगठे, झालं.

अडलं ते फेरफाराला, म्हणजे मालकीतला बदल सातबाऱ्यावर चढवायच्या नोंदीला. तलाठ्यांनी नोंद धरली, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले. हरकत कोण घेणार? सोळाव्या दिवशी गेले तर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद नामंजूर केलेली. दस्तात मी सुमन, सातबाऱ्यावर सुमत. हाती लिहिलेला उतारा संगणकावर चढवताना ‘न’चा ‘त’ झाला होता आणि तो चुकीचा उतारा आमच्याच कपाटात वर्षानुवर्षं पडून होता. कागदोपत्री माझा स्वतःचा अर्धा हिस्साही कुणा भलत्याच बाईचा!

मग महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. तिथं सात महिने गेले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल सापडेना, कधी ‘मूळ फेरफाराची नक्कल आणा’. एकदा हे सोबत होते. ऑपरेशनला चार महिने झालेले, दोन तास बाकावर बसून होते. टेबलावरचा माणूस म्हणाला, ‘‘बाई, घरातल्या घरात तर आहे, एवढी घाई कसली?’’ ते ऐकून ह्यांनी मान खाली घातली. तो राग अजून गेलेला नाही. घरातली असली तरी जमीन कुणाची ते कागदावरूनच बघतात, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. माझा पहिला अर्ज ‘आलाच नाही’ म्हणाले होते.

शेवटी अभिलेख कक्षातून खरेदीच्या वेळच्या फेरफाराची नक्कल मिळाली. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात, ‘सुमन’. त्यावर आदेश झाला. आधी दुरुस्तीची नोंद, मग बक्षीसपत्राची पुन्हा नवी नोंद, पुन्हा पंधरा दिवस. म्हणून सांगते, दस्त करण्याआधी सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) समोर ठेवून आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती आधी, बक्षीसपत्र नंतर.

जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि बायकोचं नाव नुसतं सोबत लावायचं असेल, तर दस्ताची गरज नाही. लक्ष्मीमुक्तीचा 1992 चा शासन निर्णय आहे, नवऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज करायचा. माझ्या जावेचं तसंच झालं.

आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर कर्ज फेडून दाखला घ्या, बोजा कमी करून घ्या, मगच निबंधकांकडे जा. आमचा सुदैवाने आधीच उतरला होता.