देवबागची खाडी, काळुंदर आणि आत्येची आदोळी

मालवणहून तारकर्ली ओलांडून देवबागच्या रस्त्याला लागलं की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे कर्ली नदी. मधे माडांची, घरांची अरुंद पट्टी. इथे येणारे बहुतेक जण समुद्रासाठी येतात. मी यावेळी खाडीसाठी आले होते, कारण माझ्या नवऱ्याची आत्ये इथे राहते आणि तिने फोनवर सांगितलं होतं, "काळुंदरां लागतत हत, ये." काळुंदर म्हणजे खाडीतला एक मासा.

पोचले त्या रात्री आत्येने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. दुसऱ्या दिवशी कार्तिक वद्य दशमी. "साडेसातची भरती," ती म्हणाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास निघतो. दहाची पाऊणपट साडेसात. अष्टमी नुकतीच गेलेली, म्हणजे भांगाची, कमी जोराची भरती. उधाणाचा जोर नसतो, पाणी सावकाश चढतं आणि गरी (गळाचा आकडा) जिथे टाकली तिथेच राहते. बारक्या माशासाठी हेच पाणी चांगलं.

सकाळी सहाला आम्ही घरामागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर बसलो. माडांच्या वर चंद्रकोर अजून होती. सामान एवढंच: तंगूस (नायलॉनची दोरी), लहान गरी, थर्माकोलचा तुकडा आणि घट्ट मळलेली कणीक. काळुंदराचं तोंड बारीक असतं आणि शेवाळ हा त्याचा आवडता खाऊ, त्यामुळे त्याला हरभऱ्याएवढी कणीक पुरते. कोळंबीचे तुकडे होते ते तांबोशी या दुसऱ्या माशासाठी.

थर्माकोल जरासा हलला की मी दोरी ओढायचे आणि गरी रिकामी यायची. चारदा झालं. "झटको मारू नको गो. खाऊ दी तेका," आत्ये म्हणाली. पाचव्यांदा थांबले. थर्माकोल आडवा सरकला, मग खाली गेला, आणि बोटात ती थरथर आली. तळहाताएवढं काळुंदर! हिरवट-करड्या अंगावर उभे काळसर पट्टे आणि खवल्याखवल्यावर मोत्यासारखा ठिपका. हाच मासा केरळात करीमीन, आणि 2010 पासून त्या राज्याचा राज्यमासा. आपल्याकडे पापलेट-सुरमईच्या गजबजाटात हॉटेलच्या पाटीवर याचं नाव क्वचितच दिसतं, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं.

साडेसातपर्यंत सात काळुंदरं आणि एक तांबोशी मिळाली. त्यातली दोन काळुंदरं बोटभर होती, ती आत्येने परत सोडली. एक शेंगाळा, म्हणजे मिशावाला काटेरी मासा, तोही लागला. त्याला गरीतून सोडवताना कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला आणि कोपरापर्यंत कळ गेली. आत्येने चुलीवरचं पाणी आणून सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. शेंगाळ्याच्या काट्यात विष असतं आणि उष्णतेने त्याचा जोर ओसरतो. अर्ध्या तासात कळ बरीच उतरली. खाडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: शेंगाळा नुसत्या हाताने धरू नये.

नंतरचं काम मला गरवण्याहून जास्त आवडलं. मागच्या पडवीत आत्येने आदोळी, म्हणजे विळी, मांडली आणि पहिलं काळुंदर माझ्याच हातात दिलं. आधी पाठीवरचे काटे. ते ताठ आणि टोकदार असतात, म्हणून पर कापल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही. मग खवले. मी डोक्याकडून घासत होते आणि सुरी नुसती घसरत होती. "शेपटेकडसून घास. खवळां उभी रवतत, मगे निघतत." खरंच, दिशा बदलली आणि खवले टपटप उडायला लागले, एक माझ्या भुवईवर चिकटला. मग कल्ले उपटायचे आणि पोटाला लहानशी चीर द्यायची. इथे आत्येने माझं मनगट धरलं. "हळू. पित्त फुटला काय मासो कडू." आतड्यांच्या गुंत्यात हिरवट, थेंबाएवढी पिशवी होती. तिच्या मागून बोट घालून सगळं एका ओढीत बाहेर काढलं. पिशवी शाबूत! शेवटी कण्याला चिकटलेलं काळपट रक्त अंगठ्याच्या नखाने खरवडायचं. वास मारतं ते हे रक्त, आणि बाजारातून कापून आणलेल्या माशात नेमकं तेच राहिलेलं असतं.

दोन्ही अंगांना तिरक्या चिरा, मीठ, हळद, तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस. आलं-लसूण आत्येने लावू दिलं नाही, आणि तासाभरापूर्वी पाण्यात असलेल्या माशाला ते लागतही नाही, हे मला पहिल्या घासाला पटलं. तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात, मंद आचेवर. पाठीकडचं मांस पांढरंशुभ्र, जरा गोडसर, आणि मोठ्या कण्यावरून अखंड सुटणारं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि तांबोशीची तिरफळ घातलेली आमटी.

जेवणानंतर खवले आणि आतडी आत्येने माडाच्या मुळात पुरली. मी तंगूस गुंडाळता गुंडाळता हिशेब केला, अकराची पाऊणपट सव्वाआठ.

"उद्या एकादशी," आत्ये म्हणाली. "गरी भायर काढूची नाय."

मी परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं. द्वादशीची भरती नऊला आहे.