गाव सहा किलोमीटर जवळ आलं

आमच्या फाटकापासून गावच्या वेशीपर्यंत 112 किलोमीटर. गेल्या नऊ वर्षांत फरक पडला तर एखाद्याचा, तोही भेळेसाठी गाडी आत वळवली म्हणून. परवा दुपारी वेशीवर पोचलो तर मीटर म्हणतोय 106. रस्ता तोच, आणि भेळसुद्धा खाल्ली होती.

बायको म्हणाली, "बरंच झालं की मग."

चोर टायरात निघाला. मागच्या महिन्यात टायरवाल्याने "साहेब, जरा भरीव टाकू, गाडीला उठाव येतो" म्हणत 175/65 काढून 185/70 चढवले. रिम तीच, 14 इंची. (स्टेपनी अजून जुन्या मापाचीच आहे, ते वेगळं दुखणं.) चाकाचा व्यास 583 मिलिमीटरचा 615 झाला, म्हणजे एका फेऱ्याला दहाएक सेंटिमीटर जास्तीचं अंतर. मीटर बिचारा नुसते फेरे मोजतो. फेरा केवढा, हे त्याला कारखान्यातून निघताना सांगितलेलं, तेच घोकत बसतो. अ‍ॅव्हरेज अठराचं सतरावर आलं म्हणून मी मात्र मेकॅनिकशी वाद घालून आलो होतो.

आजोबा असते तर त्यांनी वेशीवरच ओळखलं असतं. शाळा घरापासून किती लांब, हे त्यांनी मला सायकलवरून मोजून दाखवलं होतं. पुढच्या चाकाच्या आऱ्याला तांबडी चिंधी बांधली, सायकल हातात धरून ते चालले आणि चिंधी वर आली की मी आकडा म्हणायचा. 28 इंची चाक, फेऱ्याला साधारण सव्वादोन मीटर. ओढ्यापाशी म्हशी आडव्या आल्या आणि माझा आकडा चुकला. आजोबा मुकाट्याने सायकल वळवून पुन्हा घरी. दुसऱ्या खेपेला निघण्याआधी त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला, पंप आणायला लावला. म्हणाले, "हवा कमी असली की शाळा लांब जाते."

काट्याची तऱ्हा आणखी निराळी. काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर दहा टक्के आणि वर 4 किलोमीटरपर्यंत चालेल, असं संयुक्त राष्ट्रांच्या वाहनांसाठीच्या 39 क्रमांकाच्या नियमातच आहे. म्हणून गाडी नवी असताना काटा 80 म्हणायचा तेव्हा फोन 76 दाखवायचा. आता दोघंही 80. म्हणजे इतकी वर्षं थापा मारणारा काटा भरीव टायरांनी सरळ झाला, आणि किलोमीटरचा इमानी आकडा खोटं बोलायला लागला. कुणाला रागवायचं?

टायर झिजत जातील तसं गाव थोडं मागे सरकेल म्हणा. तोवर डायरीत मी 112च लिहितोय.

आजोबांची सायकल अजून पडवीत आहे. परवा सहज अंगठ्याने दाबून पाहिलं. दोन्ही चाकं रिमवर बसलीत, आणि पंप कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही.