चिखलीचा छोटा ट्रॅक्टर आणि दोन नंबरचा रॉड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनची कामं करतो, पण ही केस गिऱ्हाइकाच्या दारातली, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधली. ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती, १८.५ एचपी, तीन सिलेंडरचा, उसाच्या सरीत चालणारा छोटा. गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी बॉनेटच्या वर गेलेलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इकडं पोरासोरांनापण पाठ असतंय, पण त्या वर्षी पाणी ज्या वेगानं चढलं त्यात जनावरं काढायची का ट्रॅक्टर? त्यांनी जनावरं काढली, बरोबरच केलं.

पुरानंतर तक्रार एकच. सकाळी उचलत नाही, उचलला तर पांढरा धूर, एक सिलेंडर मिस, गरम झाला की जरा बरा. आधीच्या मिस्त्रीनं डिझेल फवारणारी नोझल बदलली, पंप कॅलिब्रेट केला, हिटर प्लग नवे घातले, शेवटी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उचलून पिस्टनच्या रिंगापण टाकल्या. फरक काही नाही. मग ट्रॅक्टरचे मालक आबा, त्यांनी त्याची राहिलेली मजुरी अडकवली, पारावर बसून त्याचं नाव खराब केलं, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये पडला तो पडलाच. आता नातवाला यूट्यूबवर बघून जुना ट्रॅक्टर चकाचक करायची हौस आली म्हणून मला बोलावलं. रंगाचे डबे आधीच आणून ठेवलेले! सगळ्यांना आधी रंगच सुचतो.

गिअर ऑइल काढलं तर दुधाचा चहा बाहेर आला. ब्रेकच्या ड्रममध्ये अजून गाळ. ते सगळं धुण्या-पुसण्यातच गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हेड उचललं तेव्हा मात्र मी बसूनच राहिलो. लायनरच्या, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या कडेला जिथपर्यंत रिंग पोचत नाही तिथं कार्बनचा पट्टा राहतो. एक आणि तीनला तो बारीक, दोन नंबरला चांगला रुंद. म्हणजे दोनचा पिस्टन वर पूर्ण येतच नव्हता. मोजायची डायल लावून तिन्ही पिस्टन टॉपला आणून मोजले तर दोन नंबर दीड मिलीमीटर खाली. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी गरम होते त्यावरच सगळा खेळ, तिथं दीड मिलीमीटर म्हणजे कॉम्प्रेशन गेलंच. वरून हजार नोझल बदला. रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, बाहेर काढून दुसऱ्याशेजारी धरला, नुसत्या डोळ्याला वाकलेला दिसत होता. ज्यानं रिंगा टाकल्या त्याच्या हातातून हा रॉड गेलाय, तो पट्टा त्याच्या नाकासमोर होता. बघितला नाही. आजकाल पार्ट बदलतात, मोजत कोण नाही.

पण रॉड वाकला कसा? इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलेंडरमध्ये पाणी शिरतं, आणि पाणी दाबलं जात नाही. नुसता स्टार्टर मारला तर या साइजचं इंजिन बहुतेक वेळा जाम होऊन थांबतं. त्यात पुरातून निघालेल्या ट्रॅक्टरची बॅटरी कुठली जिवंत असायला? पुढं जाऊन बघितलं तर हुकाच्या पिनेवर साखळीचा घासलेला व्रण, पिन एका बाजूला ताणलेली. मोठ्या ट्रॅक्टरला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढलाय कुणीतरी. नोझल न काढता, आतलं पाणी न काढता.

आबांचा धाकटा शेजारीच पाना धरून उभा होता, तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मिस्त्री, आबांस्नी एवढं सांगू नगा."

नवीन रॉड टाकला. जुना प्रेसवर सरळ करून देणारे उद्यमनगरात पाहिजे तेवढे आहेत, मी ते करत नाही. गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तिन्ही रॉड तोलून वजन जुळवून घेतलं, तो हसत होता. क्रँकचं मोजमाप, नवं हेड पॅकिंग, बोल्ट मधून बाहेर टॉर्कला, मग एअर काढून सेल मारला. पहिल्या दमात उचलला, आवाज एकसारखा. नातू नाचायचाच बाकी होता.

आबांनी विचारलं, "काय झालतं?" मी म्हणलं, रॉड वाकलेला, पुराचं पाणी. "पाणी लोखंड वाकवतंय व्हय?" वाकवतंय म्हणलं. खोटं नाही हे. पण अर्धंच.

धाकट्याचं घर मला मोडायचं नाही. पण त्या मिस्त्रीची मजुरी अजून अडकलेली आहे, आणि गावात अजून "त्यानंच इंजिन घालवलं" असं चालतंय. त्यानं नीट बघितलं नाही हे खरं, पण घालवलं त्यानं नाही. आबांना म्हणलं, त्याचे पैसे देऊन टाका. "कशापायी?" म्हणाले. तिथं मला उत्तर नव्हतं.

परवा त्याचाच फोन आला, कुठूनतरी कळलं असणार. काय सापडलं विचारलं. रॉड, म्हणलं, दोन नंबर. जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "वडला कुणी?" मी म्हणलं, हुकाची पिन बघून ये.