सुट्या पैशांचा हिशेब करणारा गल्ला प्रोग्राम करताना: माझा अनुभव

दिलेल्या पैशातून बिल वजा करायला एक ओळ पुरते. उरलेली रक्कम गल्ल्यात आहेत त्याच नोटा-नाण्यांतून काढून देणे, हे खरे काम. मी ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत केले.

रकमा आधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकारात, ठेवल्या होत्या. १९.९९ ला १०० ने गुणून पूर्णांक केला, तर १९९९ ऐवजी १९९८ आले. संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत १९.९९ नेमका बसत नाही, गुणाकार १९९९ पेक्षा किंचित कमी भरतो आणि पूर्णांक करताना पुढचे सगळे छाटले जाते. तेव्हापासून सगळ्या रकमा सर्वांत लहान एककातल्या पूर्णांकात. टाइप केलेली रक्कमही मजकूर म्हणूनच वाचायची, बिंदूवर तोडायची आणि उजवा भाग दोन अंकी करून घ्यायचा. हे राहिले तर १२.५ चे १२५० ऐवजी १२०५ होतात.

वजाबाकीनंतर लगेच उत्तर ऋण आहे का ते तपासा. पायथनमध्ये −७ ला ५ ने भागले की भागाकार −२ आणि बाकी ३ येते. म्हणजे पैसे कमी दिले असले तरी पुढचा भाग निमूटपणे चालतो आणि भलतीच नाणी मोजतो.

आता मुख्य भाग. सगळ्यांना आधी सुचते ती रीत म्हणजे मोठ्या नोटेपासून सुरू करायचे आणि बसतील तितक्या काढायच्या. १, ५, १०, २०, ५०, १०० अशी नाणी-नोटा भरपूर असतील तर ती बरोबरच चालते. पण गल्ला कधी भरपूर नसतो. समजा ६० परत द्यायचे आहेत आणि गल्ल्यात ५० ची एक व २० च्या तीन नोटा आहेत, बाकी काही नाही. प्रोग्राम ५० उचलतो, १० साठी अडतो आणि ‘सुटे नाहीत’ म्हणतो. २० च्या तीन नोटा समोर पडलेल्या असतात!

त्यावर उपाय म्हणजे ० पासून परत द्यायच्या रकमेपर्यंत घरांची यादी; प्रत्येक घरात तेवढी रक्कम भरणारा, कमीत कमी नगांचा संच. घर ० मध्ये रिकामा संच, बाकी घरे ‘अशक्य’. मग गल्ल्यातली एकेक नोट घ्यायची आणि यादी मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे तपासायची: नोटेइतके मागे असलेले घर भरलेले असेल, तर त्या संचात ही नोट घालून इथे कमी नगांत भागते का? दिशा उलटीच हवी. सुलट गेलात तर आत्ताच भरलेले घर त्याच फेरीत परत वापरले जाते आणि २० ची एकच नोट तीनदा दिली जाते. घरात फक्त शेवटची नोट लिहून मागे माग काढण्याचा मोहही टाळा. पुढच्या फेऱ्या आधीच्या नोंदी पुसतात, म्हणून पूर्ण संच ठेवा, आणि तो टपलमध्ये, म्हणजे एकदा केली की बदलता न येणाऱ्या यादीत. लिस्ट (बदलता येणारी यादी) ठेवली तर दोन घरे एकाच लिस्टकडे बोट दाखवू शकतात, मग एक बदलली की दुसरीही बदलते.

यादी फार लांब होत असेल तर नोटा-नाण्यांच्या सगळ्या किमतींचा मसावि काढून रक्कम आणि त्या किमती दोन्ही त्याने भागा. रकमेला निःशेष भाग जात नसेल तर तेवढे सुटे मुळातच शक्य नाहीत.

गल्ल्याची नोंद बदलताना आधी तिची प्रत घ्या, ग्राहकाने दिलेल्या नोटा त्या प्रतीत टाका आणि मग सुटे शोधा. जमले तरच प्रत मूळ नोंदीच्या जागी ठेवा. थेट मूळ नोंदीतून वजा करत गेले आणि मध्येच अडले, तर न दिलेले पैसे कमी झालेले दिसतात.

तपासणीसाठी चार किमती, प्रत्येकी तीन नग असा छोटा गल्ला पुरतो. त्याचे एकूण २५६ संचच होतात, ते सगळे मोजून उत्तर ताडता येते. शिवाय प्रत्येक व्यवहारानंतर गल्ला बरोबर बिलाइतकाच वाढलेला हवा.

आणि ‘सुटे नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. नोटा-नाण्यांची प्रत्येक किंमत परतीच्या रकमेत मिळवून यादी पुन्हा चालवा. ४० द्यायचे आहेत, गल्ल्यात फक्त ५० च्या नोटा आहेत, तर पडद्यावर ‘ग्राहकाकडून आणखी १० घ्या’ असे यायला हवे.