हे खरे आहे काय?

संक्रांत झाली आणि ज्वारी हुरड्यात आली की आमच्या मंडळाच्या मेळाव्याची लगबग सुरू व्हायची. वाचनालयातली बाकं शाळेच्या हॉलमध्ये न्यायची, कोर्टातल्या बाररूममधून हाताची खुर्ची मागून आणायची. तीच अध्यक्षांची खुर्ची. घंटा शाळेचीच चालायची. शनिवारी संध्याकाळी एका आयुष्यावर बोलणं, रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांची अभिरूप विधानसभा आणि दुपारी शेतावर हुरडा, असा दोन दिवसांचा बेत असे. तो कधी बदलला नाही. बोलायचं कुणाबद्दल, हेही सोलापूर जिल्ह्यात कुणाला विचारावं लागत नसे. सांगोल्याचे अनेक वर्षांचे आमदार गणपतराव देशमुख, सगळ्यांचे आबा.

शनिवारचं बोलणं तारखांनी सुरू व्हायचं, कारण तारखा चुकलेल्या या मंडळींना खपत नसत. जन्म १० ऑगस्ट १९२६. कायद्याची पदवी, सांगोल्यात वकिली आणि शेतकरी कामगार पक्ष. १९६२ साली, महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, ते सांगोल्यातून विधानसभेवर गेले. त्या वेळी सभागृह २६४ जणांचं होतं. १९६७ ला पुन्हा विजय, १९७२ ला पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा हार. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा. मुलांना फळ्यावर ही सालं लिहायला लावत आणि हरलेली दोन सालं लाल खडूनं. तो लाल खडू फार शहाणपणाचा होता. जिंकलेली सालं सगळेच पाठ करतात. हरल्यावरही माणूस त्याच तालुक्यात, त्याच माणसांची कागदपत्रं बघत राहिला, हे त्या दोन आकड्यांमुळे मुलांच्या लक्षात येई. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात ते मंत्री होते, हे एका वाक्यात सांगून वक्ता पुढे जाई. खरा रस पुढे होता.

तो रस म्हणजे वकिली. तालुक्याचा वकील १९५०-६० च्या दशकांत काय करत होता, हे समजल्याशिवाय असा आमदार कळत नाही. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार ठरलं. पण किंमत ठरायची ती कलम ३२-ग खालच्या चौकशीत. तिथं कुळाच्या हातात बहुतेक वेळा एकच शस्त्र असे, गाव नमुना १२ ची पीकपाहणी. कसणाऱ्याच्या रकान्यात नाव लागलेलं असलं तर बाजू भक्कम. नाव मालकाचंच राहिलं असलं, तर वीस वर्षं कसलेली जमीन साक्षीपुराव्यानं सिद्ध करत बसायचं. म्हणून तालुक्याचा वकील अशिलाचं रडगाणं ऐकण्याआधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्कबदलाची नोंद) मागे. फेरफाराचा नंबर, तारीख, नोंद मंजूर की तक्रारी, एवढं पाहिल्यावरच तो चष्मा काढे.

मेळाव्यात जुने वकील या कागदांच्या नकला घेऊन बसत. नावं खोडलेला सातबारा प्रत्येक बाकावर एक. मुलांनी पंधरा मिनिटांत सांगायचं: मालक कोण, कसतो कोण, बोजा कुणाचा, विहिरीत हिस्सा कुणाचा. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळी मुलं अडत ती ‘इतर हक्क’ या रकान्यात. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, वाटेचा हक्क, सगळं तिथं कोंबलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच वाचायचं राहतं. एकदा डोळा बसला की मुलं पोरखेळासारखी भराभर उत्तरं देत.

मग दावा. वादपत्रातला, म्हणजे दाव्याच्या अर्जातला, प्रत्येक परिच्छेद वेगळ्या नंबराचा, एका परिच्छेदात एकच गोष्ट. उलट बाजूनं लेखी कैफियत द्यायची तीही परिच्छेदवार: कलम १ मधील मजकूर मान्य, कलम २ मधील मजकूर नाकबूल. जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते मान्य केल्यासारखं धरलं जातं, हा दिवाणी व्यवहार संहितेचा साधा नियम. म्हणून गोलमाल वाक्य लिहिणारा वकील आपल्याच अशिलाला बुडवतो.

हे सगळं ऐकून झाल्यावर वक्ता विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, छापील नमुना वर धरत असे, आणि हॉलमध्ये तो दरवर्षीचा शांत क्षण येई. कारण तो कागद वादपत्राचा सख्खा भाऊ दिसायचा. (१) अमुक गावच्या पाझर तलावाचा सांडवा जुलै महिन्यात फुटला, हे खरे आहे काय? (२) असल्यास, दुरुस्तीचे अंदाजपत्रक केव्हा व किती रकमेचे तयार करण्यात आले? (३) अद्याप कार्यवाही झाली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्यांचं उत्तर, परिच्छेदवार: (१) होय. (२) अंदाजपत्रक तयार करण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. ‘होय’, ‘नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या चार उत्तरांवर अर्धं प्रश्नोत्तर चालतं. त्यातलं ‘अंशतः’ ऐकू आलं की जुना वकील कान टवकारे, कारण कबुली तिथंच दडलेली असते. उपप्रश्न विचारायचा तो तिथं. कोणता अंश खरा आणि कोणता नाही, एवढंच. उलटतपासणीही अशीच चालते. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तोच प्रश्न विचारावा आणि मिळालं की गप्प बसावं.

आबांचं आयुष्य मंडळानं मुलांना शिकवलं ते असं. हारतुऱ्यांचा फोटो भिंतीवर होताच. पण फोटोखाली बसून मुलं प्रश्न कसा लिहायचा ते शिकत. तालुक्याच्या माणसानं आमदाराला याहून मोठं काही देता येत नाही, असं आम्हाला आजही वाटतं.

रविवारची विधानसभा तपशिलात मोठी होती. मुलं ४८ घेतली की हॉलमध्ये नीट बसत. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, मध्ये राजदंडाऐवजी रंगवलेली काठी. गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ४८ ला पाच. खऱ्या सभागृहात २८८ ला २९ लागतात. चहाच्या वेळी बाक रिकामे होत तेव्हा एखादं चलाख पोर उठून गणपूर्ती नसल्याचं सांगे आणि सगळ्यांना चहा टाकून धावत यावं लागे. प्रश्नोत्तराचा तास एक, प्रश्न पाच, प्रत्येकाला बारा मिनिटं. मग दोन लक्षवेधी सूचना, त्या विधानसभेच्या नियम १०५ च्या. मंत्र्यानं निवेदन करायचं आणि खुलासे विचारायचे. शेवटी नियम २९३ चा प्रस्ताव, विषय कायम दुष्काळ.

बिघडायचं ते ठरावीक ठिकाणी. पहिलं, मुलं एकमेकांशी बोलत. सभागृहात बोलायचं ते फक्त अध्यक्षांना उद्देशून. ‘तू काल म्हणालास’ म्हटलं की भांडण, आणि ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी असे विधान केले’ म्हटलं की तीच गोष्ट मुद्दा होते. त्यासाठी घंटा. तीन वेळा वाजली की बोलणं बंद. दुसरं, प्रश्नाचं भाषण होई. म्हणून चिठ्ठीवर आधी लिहून द्यायचं आणि चार ओळींच्या वर गेलेली चिठ्ठी परत. तिसरं आणि सगळ्यांत मोठं, प्रश्नात काही धरण्यासारखं नसे. ‘आमच्या गावात पाणी येत नाही, हे खरे आहे काय?’ मंत्री झालेली मुलगी शांतपणे ‘नाही’ म्हणून बसे, आणि पुढं विचारायला काही उरत नसे. कोणत्या योजनेचं पाणी, कोणत्या वाडीला, किती दिवसांआड, कोणत्या तारखेपासून, हे लिहिलं की तिला ‘नाही’ म्हणणं जड जाई. गट नंबर, तारीख, कार्यालय या तीन गोष्टी नसलेली चिठ्ठी सोडतीत जात नसे. माईक दोनच ठेवायचे, तेही उभ्या स्टँडवर आणि कर्ण्यापासून दूर. हातात माईक दिला की कर्कश शिट्टी आणि सभात्याग दोन्ही एकदमच होत. मतदान आवाजी. ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत, ठराव संमत झाला आहे,’ हे म्हणताना अध्यक्ष झालेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असे.

विषय दुष्काळच का, हे सांगायला माणदेशात कुणाला उभं राहावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडणारी माणसं आणि त्यातून आलेला रोजगार हमीचा कायदा. तो १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे आटपाडीची पाणी परिषद, तेरा दुष्काळी तालुक्यांचा कृष्णेच्या पाण्यावरचा हक्क, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या जोडीला आबा. कृष्णेवरच्या टेंभू उपसा योजनेचं पाणी उचलून वर चढवायचं म्हणजे काय, पंपांचं वीजबिल कुणी भरायचं, शेवटच्या वितरिकेला पाणी का पोचत नाही, हे मुलं आमदारांच्याच भाषेत विचारत. वरचे लोक जास्त तास उपसतात, चारीला गळती असते आणि टोकाच्या माणसाकडं मोजमाप नसतं. या तीन कारणांपैकी नेमकं कोणतं, हे शोधल्याशिवाय प्रश्न लिहू दिला जात नसे. सूतगिरणीचा विषय मात्र दरवर्षी कुणीतरी काढेच. कापसाचा नव्हे अशा तालुक्यात आबांनी गिरणी काढून ती सहकारात चालवून दाखवली, याचा अभिमान डाळिंबाच्या बागांइतकाच होता.

एसटीचा उल्लेख निघाला की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं हलत. लाल गाडीत आमदार-खासदारांसाठी राखीव जागा असते आणि आबा तिच्यावर खरोखर बसत. मुलांना ती पाटी दाखवायला रविवारी सकाळी आठच्या आत स्टँडवर नेत. उशिरा जाण्यात अर्थ नसे, कारण पहिल्या गाड्या तोवर सुटून गेलेल्या असत.

दुपारी शेतावर. हुरड्याला कणसं चिकात पाहिजेत, नखानं दाबलं की दूध यावं. दाणा घट्ट झाला की भाजून तो चामट लागतो, चोळताना बोंडातून सुटतही नाही. गोवऱ्यांची आगटी, वर राख, राखेत कणसं, आणि भाजली की गरम असतानाच चोळायची. शंभर-सव्वाशे माणसांना पंचवीस किलो दाणे पुरत. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि ताक, एवढ्यात सगळं येई.

तिथंच पुढच्या कामाची वाटणी होई. सकाळच्या प्रश्नांतले दोन सर्वांत नेमके निवडायचे आणि माहितीच्या अधिकारात खरोखर टाकायचे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे; चार ओळींची सवय झालेल्या मुलांना ती कधीच जाचली नाही. उत्तराला ३० दिवस. न आलं किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं, तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, आणि तारीख हुकू नये म्हणून ती वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवायची. पुढच्या वर्षीचा मेळावा सुरू व्हायचा तो या उत्तरांच्या वाचनानं. अर्ज मुलांच्याच अक्षरात जाई. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचा मान ज्याचा प्रश्न त्याचा, आणि हुरड्याची राख लागलेले हात त्यासाठी आधी पाटावर धुवावे लागत.