क्रुकेड नदी, गढूळ ऑइल आणि १९९४ची हायलक्स

गाडीच्या पुढच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तळाचा प्लग सैल केला, तेव्हा ऑइलच्या आधी थोडेसे नितळ पाणी ट्रेमध्ये पडले, आणि त्यामागून जे आले त्याला ऑइल म्हणावे असे त्यात काही उरलेले नव्हते. चांगले गिअर ऑइल मधाच्या रंगाचे, दाट आणि आरपार दिसणारे असते. हे राखाडी, फेसाळ आणि दुधट होते. दोन आठवड्यांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटी, आम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगराळ भागात, डार्गो गावाच्या पुढे, क्रुकेड नदीच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गेलो होतो. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी १८६०च्या दशकात वसवलेले आणि नंतर ओस पडलेले टॅल्बटव्हिल याच भागात आहे, आणि ही वाट एकच नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. पाणी कुठेही गुडघ्याच्या वर नव्हते आणि गाडी प्रत्येक वेळी विनासायास बाहेर आली, त्यामुळे आत काय झाले आहे याची शंकाही मला आली नाही.

गाडी आहे १९९४ची टोयोटा हायलक्स: चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा, २.८ लिटरचे टर्बो नसलेले डिझेल इंजिन आणि चारही चाकांवर कमानपाटे. अशा गाडीला ऑस्ट्रेलियात ‘यूट’ म्हणतात. हा प्रकार १९३४ साली याच राज्यातल्या जिलाँग शहरात, फोर्डच्या कारखान्यात लुइस बॅंड्ट यांच्या रेखाटनातून आकाराला आला, आणि रविवारी चर्चला जाता येईल व सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी हवी, अशा अर्थाचे एका शेतकऱ्याच्या पत्नीचे पत्र त्याला कारण झाले, असे सांगितले जाते. अमेरिकेत टोयोटाने १९८६च्या मॉडेलपासून या पिकअपच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. इथे मात्र माझ्या मॉडेलसारख्या गाड्यांना पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड, सलग ॲक्सल १९९७पर्यंत मिळत राहिला. खडकाळ वाटेवर तो दणकट असतो आणि घरच्या घरी, साध्या हत्यारांनी उघडता येतो. मी हीच गाडी शोधून घेतली त्याचे कारण हेच.

घेताना तिच्याबरोबर ‘रोडवर्दी’ प्रमाणपत्र होते. व्हिक्टोरियात गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना ते लागते आणि ते ३० दिवसच ग्राह्य असते. ते सुरक्षिततेपुरते असते, गाडीच्या एकूण प्रकृतीची हमी देत नाही, हे त्याच्याच नियमांत स्पष्ट म्हटलेले आहे. मी ते वाचले होते, पण कागद हातात आल्यावर मनाला जी स्वस्थता येते तिच्यापुढे ते वाक्य मागे पडले. त्यामुळे गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात मी उंच कमानपाट्यांचा संच आणि मोठे टायर मागवून ठेवले. ते गॅरेजच्या भिंतीला टेकून पाच महिने तसेच उभे राहिले, आणि आज मला वाटते की त्या पाच महिन्यांत मी या गाडीबद्दल जे शिकलो, ते टायर आधी चढवले असते तर कधीच शिकलो नसतो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर उघडलेले चाक दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, मिस्त्रीकडे टाक ना. तुला कशाला हा व्याप?” त्यांना जे उत्तर दिले ते इथेही देतो. या कामातला मूळ भाग म्हणजे तळहातावर मावेल एवढे रबरी ऑइल सील. पण तिथपर्यंत पोहोचायला चाकापासून आतले सगळे उतरवावे लागते, आणि इथे मिस्त्रीच्या तासांचा हिशेब सुट्या भागांच्या कितीतरी पट होतो. शिवाय घाई नव्हती. जूनमधल्या लाँग वीकेंडनंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत व्हिक्टोरियाच्या डोंगरातल्या बऱ्याचशा कच्च्या वाटा ओलाव्यामुळे फाटक लावून बंद ठेवतात. पूर्ण हिवाळा माझ्यासमोर मोकळा होता. घराच्या ड्राइव्हवेवर विजेची हत्यारे चालवायची तर निवासी भागातली वेळ पाळावी लागते: कामाच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ८, शनिवार-रविवारी सकाळी ९ नंतर. हा नियम मला चांगलाच मानवला, कारण सकाळचे पहिले दोन तास निव्वळ घासण्या-पुसण्यात आणि मॅन्युअल वाचण्यात जाऊ लागले.

सलग ॲक्सलच्या दोन्ही टोकांना पोकळ गोळा असतो आणि त्याभोवती वळणारे लोखंडी घर असते, ज्याला इथे सगळे ‘स्विव्हल हब’ म्हणतात. चाक वळताना इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा या घरात ग्रीसमध्ये बुडालेला असतो, आणि ॲक्सलच्या नळीतले पातळ ऑइल त्या ग्रीसमध्ये शिरू नये म्हणून नळीच्या तोंडाशी ते सील बसवलेले असते. सील गेले की ऑइल ग्रीसमध्ये मिसळते, ग्रीस पातळ होते, गोळ्याच्या मागच्या बाजूने काळा ओघळ येतो आणि टायरच्या आतल्या भिंतीवर थेंब उडू लागतात. माझ्या गाडीच्या डाव्या चाकाला हा ओघळ होता. घेताना तो मी जुन्या गाडीचा मळ समजलो होतो.

गाडी जॅकवर उचलून ॲक्सल स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले आणि मगच हात घातला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे मी एवढे निक्षून सांगतो कारण दरवर्षी माणसे त्यात जीव गमावतात. चाकाच्या हबच्या सहा नटांखाली शंकूच्या आकाराचे दुभंगलेले वॉशर असतात. नट काढले तरी ते जागचे हलत नाहीत, आणि पटाशी घालून उचकटायला गेले तर त्यांच्या कडा तुटतात. नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून ठेवायचा आणि त्यावर पितळी पंचाने नेमका, कोरडा ठोका द्यायचा, म्हणजे वॉशर टणकन उडून सैल होतो. पहिला उडाला तेव्हा आवाजातला फरक कानाला कळला, आणि पुढचे पाच मी डोळ्यांपेक्षा कानाने काढले. त्यानंतर ५४ मिलीमीटरच्या पान्याचे नट, बेअरिंग, ब्रेकच्या डिस्कसकट हब, मग सांध्यासह ॲक्सलचा दांडा. घराच्या वर आणि खाली बेअरिंगच्या टोप्यांखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. घर गोळ्याच्या मधोमध राहावे म्हणून त्यांची जाडी कारखान्यात ठरवलेली असते, म्हणून वरच्या आणि खालच्या चकत्या मी वेगवेगळ्या डब्यांत, खूण करून ठेवल्या.

आतले ग्रीस राखाडी कढासारखे वाहत होते. रॉकेलने धुतल्यावर सांध्याच्या गोळ्यांच्या खाचांत एका बाजूला बारीक झीज दिसली. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, त्यामुळे खाचांची एकच बाजू झिजते. म्हणून झीज हलकी असेल तर डावा सांधा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवतात, म्हणजे भार न झिजलेल्या बाजूवर येतो. मी तेच केले. सांध्यात मॉलिब्डेनम असलेले ग्रीस हाताने दाबून दाबून भरले, चाकाच्या बेअरिंगला त्यांचे वेगळे ग्रीस दिले, आणि घर पुन्हा बसवल्यावर ते वळवायला किती जोर लागतो हे तानकाट्याने ओढून मोजले. साधा वजनाचा हुक असलेला तानकाटा घराला स्टिअरिंगचा दांडा जोडतात त्या भोकात अडकवून ओढायचा आणि घर हलू लागताच काटा वाचायचा: इतके नेमके काम इतक्या साध्या वस्तूने होते, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

डावी बाजू मला दोनदा करावी लागली. दांडा परत आत सरकवताना त्याचे वजन पूर्ण हातावर तोलून धरावे लागते, नाहीतर टोकाचे दाते नव्या सीलच्या ओठावरून घासत जातात. पहिल्या वेळी माझा हात अर्ध्या वाटेत खाली आला. सील फाटले असेल की नसेल हे बाहेरून दिसत नव्हते आणि बसवून टाकण्याचा मोह मोठा होता. तरी मी दांडा परत काढला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर ओठावर नखाएवढी चीर होती. दुसरे सील आणायला आणि ते बसवायला पुढचा पूर्ण शनिवार गेला.

पण सील हा परिणाम होता. कारण सापडले ते ॲक्सलवरच्या बोटाच्या पेराएवढ्या टोपणात. चालताना डिफरन्शियल तापते, आतली हवा फुगते, आणि ती बाहेर जावी म्हणून हे श्वासछिद्र दिलेले असते. माझ्या गाडीतले चिखलाने दगडासारखे बंद झाले होते. त्यामुळे हवेचा दाब सीलवर येऊन ऑइल बाहेर ढकलले जात होते. आणि तापलेला ॲक्सल नदीच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसून त्याच वाटेने पाणी आत ओढत होती. ओघळ आणि गढूळ ऑइल, दोन्हींचे मूळ एकच होते. म्हणून या गाडीवर केलेला पहिला बदल उंचीचा किंवा टायरचा झाला नाही: टोपणाच्या जागी ऑइल सोसणारी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत, शक्य तितक्या वर नेली आणि टोकाला छोटा फिल्टर लावला. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना नळीची लांबी घेतली, कारण ॲक्सल खाली-वर होतो आणि ताणलेली नळी पहिल्याच खड्ड्यात निसटेल. मागच्या ॲक्सलचेही तसेच केले.

त्यानंतर कमानपाटे. व्हिक्टोरियात सस्पेन्शनची उंची ५० मिलीमीटरपर्यंत वाढवायला वेगळे प्रमाणपत्र लागत नाही आणि अशा गाड्यांच्या टायरचा व्यासही ५० मिलीमीटरपर्यंतच वाढवता येतो. त्यापुढे जायचे तर मान्यताप्राप्त अभियंत्याची तपासणी आणि सही हवी. मी मर्यादेच्या आतच राहिलो, कारण एवढ्या उंचीतही बरेच काही बदलते. कमानपाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून नवेच घातले आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. ब्रेकच्या रबरी नळ्या लांब घेतल्या. सगळ्यात महत्त्वाचा निघाला मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह. हौदा ओझ्याने खाली बसला की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली की त्याला हौदा कायमचा रिकामाच वाटतो आणि मागचे ब्रेक कमकुवत राहतात. दांडीचा कंस त्याच मापाने सरकवावा लागतो. चित्रांत उंच, रुबाबदार दिसणाऱ्या किती गाड्यांत हे केलेले असेल, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते.

चॅसीवर हातोडीने टकटक करत एक रविवार गेला. गंज वरवरचाच होता. घासून, गंज बांधून ठेवणारे रसायन लावून, आतल्या पोकळीत लॅनोलिन फवारले. हा मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ आहे, आणि मेंढ्यांच्या या देशात गंज रोखायला तो सर्रास वापरतात. टायमिंग बेल्ट १,००,००० किलोमीटरला बदलायचा असतो, तोही याच सुमारास उरकला.

नोव्हेंबरमध्ये फाटके उघडली आणि आम्ही पुन्हा क्रुकेड नदीवर गेलो. वितळलेल्या बर्फामुळे आणि पावसामुळे पाणी मेपेक्षा जास्त होते. पहिल्या उतारापाशी मी गाडी वीस मिनिटे उभी केली, ॲक्सल हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो, पाण्यातून चालत जाऊन खोली पाहिली आणि मगच पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी म्हणून हबचे लॉक फिरवले. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी ट्रे सरकवून तोच प्लग सैल केला. पहिला थेंब बोटावर घेऊन उन्हाकडे धरला: मधाच्या रंगाचा, दाट, आणि त्यातून बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. प्लग आवळला, ट्रे रिकामाच परत ठेवला, आणि ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, श्वासछिद्राला अजून नळी जोडायची आहे हे वहीत लिहून ठेवले.